हरलेला डफ

दिगंबर तांबट माझ्या दारात आला तेव्हा मी एका अंगरख्याची बाही उसवत बसलो होतो. वैशाखातली भर दुपार, आणि याच्या डोक्याला पागोटं नाही की पायांत वहाणा नाहीत.

"गोपाळा, हिंदुराव चालला," तो म्हणाला.

"कुठं?"

"कुठं काय कुठं! वर चालला. वैद्यानं कालपासून औषधसुद्धा बंद केलं. ऊठ, तुणतुणं घे."

माणूस शेवटच्या घटका मोजतोय म्हटल्यावर लोक गंगाजळ शोधतात, तुळशीचं पान शोधतात. आमच्या शाहिराला तुणतुणं हवं होतं. मी सुई कापडात खोचून ठेवली आणि त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. त्याचे डोळे ताप चढल्यासारखे झाले होते. नाही म्हटलं असतं तर तो माझं तुणतुणं घेऊन एकटाच गेला असता, म्हणून मी उठलो.

आमची भानगड परक्याला सांगायची तर जरा मागे जावं लागतं. दिगंबर कलगीवाल्यांचा शाहीर आणि हिंदुराव तुरेवाल्यांचा. दोन्ही फड पुण्यातलेच, आणि एकमेकांचं तोंड न बघण्यात दोघांनाही मोठी धन्यता. मी दिगंबरचा झीलकरी. पोटासाठी शिंपीकाम आणि हौसेसाठी झील. शाहीर डफावर थाप देऊन ओळ टाकतो, आणि त्याच्या मागे उभा राहून झीलकरी ती उंच सुरात उचलतो, म्हणजे फडाच्या कडेला बसलेल्यालाही ती ऐकू जाते. झीलकऱ्यानं उचलली नाही तर ओळ पडली. पडलेली ओळ कितीही शहाणपणाची असो, फडात ती धरत नाहीत.

चार-पाच वर्षांमागे शिमग्यात मुठेच्या वाळवंटात या दोघांचे सवाल-जवाब झाले आणि हिंदुरावाच्या एका सवालावर दिगंबर अडला. हरलेल्याचा डफ जिंकलेल्याकडे जातो. शिसवी कड्याचा, बोकडाच्या पातळ कातड्याचा दिगंबरचा डफ, ज्याच्या कडेला त्यानं स्वतः तांब्याची फुलं ठोकली होती, तो हिंदुरावानं सगळ्यांदेखत उचलून नेला आणि आपल्या घरी भिंतीकडे तोंड करून टांगला. इथवर सगळीकडे चालतं तसंच. पण आमच्या या दोन फडांच्या गुरूंनी त्यावर आणखी एक कडक नियम घालून ठेवला होता. हरलेल्यानं दुसरा डफ हाती धरायचा नाही. ज्यानं जिंकला त्यालाच सवालात अडवून आपला डफ सोडवून आणायचा. आणि जिंकणारा मधेच मेला तर तो डफ त्याच्याबरोबर चितेवर जायचा, आणि हरलेल्याचा फड कायमचा उठायचा. नियम करणारे दोघेही म्हातारे केव्हाच मसणात गेले. नियम मात्र ठणठणीत राहिला.

दिगंबर भावाच्या दुकानी तांबट आळीत हंडे-घागरी ठोकायला बसला. शिमगा आला की घराला आतून कडी लावायचा. माणूस वाळत गेला. पहिल्या वर्षी हिंदुरावानं "पुढच्या शिमग्याला बघू" म्हटलं, दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी लग्नाचं कारण काढलं. मग त्या दिवाळीत हडपसरला लढाई झाली, शहर लुटलं गेलं, आणि हिंदुरावाचा धाकटा भाऊ त्या लढाईत पडला. तोच त्याचा झीलकरी होता. झील नसलेल्या शाहिराला कुणी ललकारत नाही. म्हणून दिगंबर थांबला. थांबता थांबता हिंदुरावाला खोकला लागला आणि खोकल्यात रक्त पडायला लागलं.

नागझरी ओलांडून आम्ही भवानी पेठेत शिरलो. जळालेल्या घरांच्या काळ्या भिंती अजून तशाच उभ्या होत्या. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं.

"अरे, तो अर्धमेला माणूस," मी वाटेत म्हटलं. "त्याला काय सवाल घालणार तू?"

"तो जिवंत आहे तोवर मला डफ सोडवता येतो. मेल्यावर येत नाही."

"आणि झील कोण देणार त्याला?"

तो नुसता आणखी भराभर चालायला लागला. त्याची मला कीव येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की माझी जीभ फार तिखट होते, म्हणून मी पुढे बोललो नाही.

हिंदुराव माजघरात भिंतीला टेकून बसवलेला होता. आडवा झाला की त्याचा श्वास कोंडायचा. एके काळी बैठकीच्या कोपऱ्यातून हाक मारली तर बाहेरचं घोडं बुजावं असा त्याचा आवाज. आता छातीतून नुसती घरघर येत होती. बायको तुळजाबाई उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होती. तिनं आधी दिगंबरकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या तुणतुण्याकडे, आणि काय ते समजून तिचा हात थांबला.

"आलास?" हिंदुराव म्हणाला. "म्या वाट बघत हुतो."

तुळजाबाई उठली. भिंतीवरचा डफ काढून तिनं दिगंबरपुढे धरला. "न्या दिगंबरभाऊ. ह्येच्यासाठीच आलाय न्हवं? घिऊन जावा, आन् ह्यांस्नी निवांत पडू द्या."

डफ बघून मला नवल वाटलं. कातड्याला तेलाचा हात नियमानं लागलेला होता, कड्यावर धुळीचा कण नव्हता, तांब्याची फुलं चिंचेनं घासल्यासारखी लखलखत होती. दिगंबरनंसुद्धा तो कधी इतका निगुतीनं ठेवला नसेल.

दिगंबरनं हात पुढे केला नाही. "वहिनी, दान घ्यायला नाही आलो मी."

"आन् म्या देनार बी न्हाई," हिंदुराव भिंतीपाशी हसला, आणि हसण्याची त्याला खोकल्यानं शिक्षा झाली. खोकला ओसरल्यावर तो म्हणाला, "फुकट मिळाल्याला डफ वाजत न्हाई, तुळजे. आन इकडं."

एक मरायला टेकलेला आणि दुसरा जगून मेलेला, पण ऐट बघावी दोघांची. त्या बाईनं हातात आणून दिलेली गोष्ट घेतली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मग त्यांना शाहीर कोण म्हणणार! मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या दिल्या.

"तुला झील नाही," दिगंबर त्याला म्हणाला, आणि त्याचा आवाज पडला. इतका वेळ वाटेत जे टाळलं ते त्यालाच बोलावं लागलं.

हिंदुरावानं बायकोकडे पाहिलं. "हिला समदं येतंय. चुलीम्होरं बसून गुनगुनती, म्या ऐकलंय."

बाईमाणसानं फडात झील द्यायची हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण हा फड कुठं होता? हे माजघर होतं, आणि ऐकायला आम्ही चौघंच. दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. तुळजाबाईनं डफ नवऱ्याच्या छातीवर टेकवून ठेवला, पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि त्याच्या मागे, भिंत आणि पाठ यांच्यामधल्या सांदीत गुडघे दुमडून बसली. नवऱ्याचं सगळं ओझं तिनं अंगावर घेतलं. माझ्या लक्षात आलं की ती आता नाही म्हणणार नाही. त्याची शेवटची हौस म्हणून हेही ती करणार होती.

मी तुणतुण्याची तार छेडली. हरलेल्यानं सवाल डफाविना घालायचा असतो. दिगंबरनं मांडीवर ठेका धरला आणि आधी सोपा, नमनाचा सवाल घातला:

"पाय नाहीत, चालते; तोंड नाही, काठ खाते;
माहेर डोंगरी, सासर सागरी, तिला जग काय म्हणते?"

मी झील दिली. हिंदुरावाचं एक बोट डफावर पडलं. ओठ हलले, पण हातभर अंतरावर बसलेल्या मलाही काही ऐकू आलं नाही. तुळजाबाईनं त्याच्या तोंडाशी कान नेला, आणि मग त्या माजघरात तिचा आवाज उठला:

"माय नदी तिला म्हणू, तिच्या पाण्यावर जगू!"

माझं तुणतुणं क्षणभर थांबलंच. काय गळा होता! कधी कुणापुढे न गायलेला, कुठंही न झिजलेला. हिंदुरावानं मान वळवून तिच्याकडे पाहायचा प्रयत्न केला. ती मागे होती, त्याला दिसली नाही, पण त्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. चुलीपुढचं गुणगुणणं त्यानं ऐकलं असेल. हा आवाज त्यानं इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ऐकला.

मग सवालामागून सवाल झाले. देवादिकांचे, सृष्टीचे, देहाच्या नऊ दारांचे. दिगंबर विचारायचा, मी उचलायचो. हिंदुरावाचं बोट पडायचं, ओठ हलायचे, आणि तुळजाबाई त्या ओठांवरची ओळ उचलून उभी करायची. एकही चुकली नाही. त्याला श्वास पुरत नव्हता तिथं अर्ध्या शब्दावरून तिनं पुरी ओळ ओळखली. अशी जोडी मी भरल्या फडातही पाहिली नव्हती, आणि हे बोलायला मला लाज वाटत नाही की तेवढा वेळ मला हिंदुरावच जिंकावा असं वाटायला लागलं.

पण प्रत्येक जवाबामागे तो खचत होता. छातीवरचा डफ आधी श्वासाबरोबर वर-खाली होत होता, तो आता नुसता थरथरायला लागला. एका जवाबानंतर खोकल्याची उबळ आली आणि डफाच्या कातड्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले. तुळजाबाईनं पदरानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग डफ पुसला.

"दिगंबरभाऊ," ती म्हणाली, "बास करा की. माझ्या अंगावर हायेत ते. आतनं समदं हालतंय, मला कळतंय."

"थांबू नगंस," हिंदुराव कसाबसा म्हणाला. "इचार."

दिगंबर ताठ झाला. फडात शाहिरांनी बढाया मारायच्याच असतात, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. समोरच्याचं अवसान जावं म्हणून सगळेच मारतात. त्यानंही मारली. "पोतडी अजून गच्च भरलेली आहे, हिंदुराव! दिवे लागेपर्यंत विचारीन. दिवे विझेपर्यंत विचारीन!"

ती बढाई होती हे मला ठाऊक होतं. त्याच्या गुरूकडून आलेले सगळे सवाल आम्ही एव्हाना घालून चुकलो होतो, आणि पोतडीत आता एकच उरला होता. तो दिगंबरनं या वर्षांत हंडे ठोकता ठोकता स्वतः रचलेला होता. गेल्या शिमग्यात कडी लावलेल्या घरात त्यानं तो मला ऐकवला होता, जवाबासकट. तो गेला की पोतडी रिकामी, आणि रिकाम्या पोतडीचा शाहीर हरतो. हिंदुरावानं एवढा एक झेलला की डफ कायमचा त्याचा. हे मला ठाऊक होतं आणि दिगंबरला ठाऊक होतं. तुळजाबाईला कुठून ठाऊक असणार?

दिगंबरनं डोळे मिटले आणि सवाल घातला:

"देह गेला मातीकडे, श्वास गेला वाऱ्याकडे,
डोळ्यांतलं तेज गेलं सूर्याच्या घरी;
शाहिराचा नाद सांग गेला कुणाच्या दारी?"

मी झील दिली. शास्त्र शिकलेला कुणीही आकाशाच्या दारी म्हणाला असता. नाद आकाशाचा, असंच सगळे सांगतात, आणि तिथंच तो फसावा म्हणून दिगंबरनं ही कोंडी घातली होती. हिंदुरावाचे डोळे छताकडे लागलेले होते. मग बोट डफावर पडलं आणि ओठ हलले.

मला जवाब माहीत होता, म्हणून मला त्याचे ओठ वाचता आले. *ज्यानं झेलला, त्याच्या घरी.* बरोबर होतं. अक्षर न् अक्षर बरोबर.

तुळजाबाईचा कान त्याच्या तोंडाशी होता. मी तार छेडत राहिलो आणि तिच्या आवाजाची वाट पाहिली. आवाज उठला नाही. हिंदुरावानं पुन्हा डफावर बोट आपटलं, पुन्हा ओठ हलवले, यावेळी मानेच्या शिरा ताणून. ती त्याच्या खांद्यावरून खाली, आपल्याच हातांकडे बघत होती.

"ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. मग आणखी स्पष्ट म्हणाली, "ह्यांस्नी येत न्हाई जवाब. हारले. न्या तो डफ."

माझा हात थांबला. हिंदुरावानं जीव एकवटून मान वळवली, आणि यावेळी त्याला ती दिसली. त्यानं ओठसुद्धा हलवले नाहीत.

"दिगंबर," मी म्हणालो. त्यानंही ओठ पाहिले होते. रचलेला सवाल त्याचाच, जवाब त्याचाच, त्याला ते वाचता येणार नाहीत असं कसं होईल?

"झील पडली, गोपाळा," तो म्हणाला. पुढे होऊन त्यानं मरणाऱ्या माणसाच्या छातीवरून डफ उचलला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि मागे न बघता दाराबाहेर पडला. त्याच्या कानाखाली एक द्यावी असं मला वाटलं. पण नियमानं तो बरोबर होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

तुळजाबाईच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसत होती. तिनं नवऱ्याला हळूच उशीला टेकवलं, त्याचा घाम पुसला. "संपलं समदं," ती लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली. "गेले त्ये. आता न्हाई कुनी छळायचं. निवांत पडा." मग पंचपात्रीतून पळीभर पाणी घेऊन तिनं त्याच्या ओठांशी नेलं.

हिंदुरावानं दात आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. तिला वाटलं हात चुकला, म्हणून तिनं दुसरी पळी भरली. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पळी हातात धरून तशीच थांबली, आणि हळूहळू तिला कळत गेलं. ते कळताना मी तिचा चेहरा पाहिला, आणि तो पाहिला नसता तर बरं झालं असतं.

"भाऊ," ती मला म्हणाली, "तुमी पाजा."

मी पळी घेतली. माझ्या हातचं पाणी तो प्याला. घोट घेताना त्याचे डोळे माझ्यावर होते, तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. उन्हं कलायच्या आत तो गेला. त्याआधी तिनं आणखी दोनदा पाणी पुढे केलं, दोन्ही वेळा त्यानं दात आवळले.

दिगंबर मसणात आला नाही. पुढच्या शिमग्याला तो उभा राहिला, आणि कुणी काही म्हणो, फार चांगला गायला. लोकांनी डोक्यावर घेतला. त्याच्या मागे झील द्यायला दुसरा कुणी होता. मला बोलवायला तो माझ्या दारी आला होता तेव्हा मी म्हटलं, माझा घसा बसलाय. तो म्हणाला, कधी सुटेल? मी म्हटलं, तू मेल्यावर. तो गेला, पुन्हा आला नाही.

पण हे पुढचं. त्याआधी, हिंदुरावाचे दिवस झाल्यावर मी भवानी पेठेत गेलो होतो. काही लागलं-सवरलं तर विचारावं, एवढ्यासाठीच. तुळजाबाई ओसरीवर धान्य निवडत होती. कपाळ मोकळं होतं. शेजारच्या बायका तिच्याशी बोलत नाहीत हे मला वाटेतच कळलं होतं. नवऱ्यानं मरताना जिच्या हातचं पाणी घेतलं नाही, ती कशी बाई असेल, याचा निकाल त्यांनी लावून टाकला होता.

ती खाली मान घालून खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, ह्यांनी जवाब दिल्ता. म्या ऐकला."

"मला माहीत आहे, वहिनी."

"त्यो गच्च पोतडी हाय म्हनाला. आनखी धा सवाल झाले असते, तर सवालातच जीव गेला असता ह्येंचा. म्हनलं, हारले तर हारले. निदान दोन घटका निवांत माझ्यापाशी पडतील." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी दिगंबरभाऊंचे झीलकरी. तुमाला ठावं असंल. खरं सांगा, त्या येळी त्येंच्यापाशी आनखी किती सवाल हुते?"

ती उत्तराची वाट बघत होती. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या ओळी उचलल्या, स्वतःची म्हणून एकही रचली नव्हती.

"पुष्कळ होते, वहिनी," मी म्हणालो. "रात्रभर पुरले असते."

तिनं मान हलवली, सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली.